माग चालू असताना झोपणारा कुत्रा फटाक्याला का घाबरतो

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एका ताईंकडे ब्रूनो नावाचा चार वर्षांचा कुत्रा आहे, गावठी आणि लॅब्राडोरचं मिश्रण. गेल्या दिवाळीत तो बिथरून फाटकावरून उडी मारून पळाला आणि दोन दिवसांनी सैफुलजवळ सापडला. तेव्हापासून फुगा फुटला तरी बाथरूममध्ये जाऊन बसतो. सासूबाई म्हणतात, जवळ घेऊ नको, लाडानं भीती वाढते. औषधाच्या दुकानात गुंगीची गोळी सुचवली आहे. घरात एक मांजरही आहे, आणि मंद्रूपला भावाच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. दिवाळीला तीन आठवडे उरलेत, तर काय करावं?

ताई, तीन आठवडे आधी विचारलंत हे बरं केलंत. मला बहुतेक फोन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सातला येतात, आणि तेव्हा सांगण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. सोलापुरात मी बावीस वर्षं जनावरांवर उपचार करतोय. त्यातली पहिली काही वर्षं मीही फटाक्यांची भीती म्हणजे एका रात्रीचा प्रश्न समजायचो. ती वर्षभराची गोष्ट आहे हे मला कुत्र्यांनीच शिकवलं.

पूर्व भागात एका यंत्रमागाच्या कारखान्यात मी कुत्र्याला लस टोचायला जायचो. टॉवेलचे आठ माग एकदम चालायचे. खडखडाट इतका, की मालक आणि मी एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायचो. आणि राजा नावाचा तो कुत्रा दोन मागांच्या मधे, टाकाऊ सुताच्या ढिगावर चारही पाय वर करून घोरत पडलेला असायचा. तोच राजा बाहेर गल्लीत पोरांनी एक लवंगी वाजवली की उठून रंगाच्या पिंपामागे तोंड खुपसायचा. मालक हसायचे, "नाटकी आहे बगा डॉक्टर." नाटक नव्हतं ते. मागाचा आवाज कितीही मोठा असला तरी एका लयीत येतो, रोज त्याच वेळी सुरू होतो, त्याच वेळी थांबतो, आणि त्यातून राजाला कधी इजा झालेली नाही. फटाका कधी वाजेल, कुठून वाजेल, किती वेळा वाजेल, याचा काहीच नेम नाही. कुत्रा आवाजाच्या मोठेपणाला जितका घाबरतो, त्याहून जास्त त्या बेभरवशाला घाबरतो. ब्रूनोसाठी जे जे करायचं, ते हे डोक्यात ठेवून करा.

कानाचं म्हणाल, तर आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 45,000 च्या आसपास, मांजराला त्याहूनही वरचा. रॉकेट वर जाताना जी शीळ घालतं, तिचा आपल्याला न ऐकू येणारा भागही त्यांच्या कानात शिरतो. फटाक्याच्या आवाजाला कायद्यानं मर्यादा आहे, फुटतो तिथून 4 मीटरवर 125 डेसिबल. साखळीला धरून रस्त्यावर उभ्या केलेल्या कुत्र्याच्या आणि सुतळी बॉम्बच्या मधे बहुतेक वेळा चार मीटरसुद्धा नसतात.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही. बसायला सांगितलं, बसला, बिस्किट दिलं, की बसणं वाढतं, कारण बसणं ही त्यानं स्वतः केलेली कृती आहे. भीती ही कृती नाही, ती अंगात येते. विजेला घाबरलेलं पोर आईला बिलगलं, म्हणून उद्यापासून ते जास्त घाबरत नाही. ब्रूनो तुमच्याजवळ आला तर येऊ द्या, हात फिरवा, नेहमीच्या आवाजात बोला. फक्त तुम्ही स्वतः "अरे देवा, घाबरला गं बाई" म्हणत घरभर पळू नका, तुमची तारांबळ त्याला कळते. आणि तो लपला असेल तर ओढून मांडीवर घेऊ नका. जवळ यायचं की लांब बसायचं, हे त्याला ठरवू द्या.

गुंगीच्या गोळीबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका पामेरियनला मी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी अ‍ॅसेप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध दिलं. तेव्हा सगळे तेच द्यायचे. रात्री मालकांचा फोन आला, "झोपलंय की ओ छान, हूं का चूं नाही." घर वाटेवरच होतं म्हणून मी डोकावलो. कुत्री कुशीवर पडली होती. डोळे उघडे, बुबुळं मोठी झालेली, आणि बाहेर प्रत्येक बार वाजला की पापणीच्या वरचं कातडं थरथरायचं. ती झोपली नव्हती. अंग हलत नव्हतं एवढंच, कान आणि भीती दोन्ही जागे होते, आणि पळून जायची सोयही मी काढून घेतली होती. त्या औषधानं शरीर सुस्त होतं, धास्ती कमी होत नाही. काही कुत्र्यांना तर आवाज उलट जास्त बोचतो. दुसऱ्या वर्षी ती पामेरियन टिकलीच्या आवाजालाही घाबरायला लागली. त्यानंतर निव्वळ भीतीसाठी मी ते एकटं कधी दिलेलं नाही. ब्रूनोला कोणी ते किंवा माणसाची झोपेची गोळी सुचवली असेल तर ती चिठ्ठी बाजूला ठेवा.

भीती कमी करणारी औषधं वेगळी आहेत: ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम. ब्रूनोसारखा कुत्रा, जो फाटक ओलांडून पळतो आणि वर्षभर फुग्यालाही दचकतो, त्याला औषध लागेल असं माझं मत आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मात्रा वजन, यकृत, हृदय आणि आधी चालू असलेली औषधं बघून ठरते, म्हणून इथे आकडे लिहीत नाही. तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. औषध भीती सुरू व्हायच्या आधी पोटात जायला हवं, साधारण दीड-दोन तास. कुत्रा थरथरायला लागल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग निम्माही होत नाही. दुसरं, दिवाळीआधी एखाद्या शांत रविवारी एकदा देऊन बघायचं, कारण क्वचित एखादा कुत्रा अल्प्राझोलामनं शांत व्हायच्या ऐवजी उलट चेकाळतो, आणि ते लक्ष्मीपूजनाला कळून उपयोग नाही. तिसरं, माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाची साखर असते, ती कुत्र्याला विष आहे. म्हणून "तेच औषध, सिरप घ्या" असं कोणी म्हटलं तरी आधी विचारा.

आता जागा. ब्रूनोनं जागा आधीच निवडली आहे, बाथरूम. लोक कुत्र्यासाठी हॉलमध्ये गादी सजवतात आणि तो पुन्हा पुन्हा न्हाणीघरात जातो म्हणून चिडतात. तिथे खिडकी लहान, भिंती आतल्या बाजूच्या, उजेडाची चमक कमी. त्याचं गणित बरोबर आहे. तीच जागा चांगली करून द्या. फरशी कोरडी, बादल्या बाहेर, त्याचं नेहमीचं पायपुसणं आत, पाण्याचं भांडं कोपऱ्यात, आणि दार उघडं. कोंडायचं नाही, कोंडलेला कुत्रा दार खरवडून नखं उलटी करून घेतो, हे मी दर दिवाळीत बघतो. वरच्या झडपेवर सोलापुरी चादर दुहेरी घडी घालून लावा. आपली जेकार्ड चादर जाड सुताची, तिनं आवाज पुरता थांबत नाही, पण त्याची धार मोडते आणि आकाशातली चमक तर पूर्ण जाते. हे आजच करा, धनत्रयोदशीला नाही. आणि रोज संध्याकाळी त्याला तिथेच काहीतरी चांगलं खायला घाला.

दुसरी युक्ती कूलरची. एव्हाना तो तुम्ही पुसून माळ्यावर टाकला असेल. खाली काढा. पाणी न घालता नुसता पंखा मोठ्यावर लावून बाथरूमच्या दाराबाहेर ठेवला की मागासारखी एकसारखी घरघर तयार होते आणि लांबचे बार त्यात बुडतात. टीव्हीपेक्षा हे बरं, टीव्हीवर मधेच जाहिराती किंचाळतात. शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद घरात धापा टाकणाऱ्या कुत्र्याला वारा लागतोच. चपट्या नाकाचा पग किंवा बॉक्सर असता तर मी हे आणखी ठासून सांगितलं असतं.

वेळापत्रकात बहुतेक लोक एकच चूक करतात, नरकचतुर्दशीची पहाट विसरतात. रात्रीची तयारी जय्यत, आणि पहाटे साडेचारला उटणं लावून झालं की गल्लीत कारीट फोडून पहिली माळ लागते. कुत्रा त्या वेळी अंगणात लघवीला सोडलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या पळालेल्या कुत्र्यांपैकी बरेच त्या पहाटेचे असतात. त्या दिवशी ब्रूनोला सकाळी आठनंतरच बाहेर न्या, औषध चालू असेल तर पहाटे तीनचा गजर लावा. संध्याकाळी उलट, लवकर निघा. दिवाळीत आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो, त्यामुळे साडेचारला फिरायला न्या, चांगलं दमवा, पाच-साडेपाचला पोटभर जेवण द्या. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ घालून दिली, पण आपली गल्ली ती किती पाळते हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. भांडण्यापेक्षा शेजारच्या मुलांना आधीच घरी बोलावून ब्रूनो दाखवा. "मोठा बॉम्ब लावायच्या आधी काकूंना हाक मारायची" असं सांगितलं तर पोरं जबाबदारीनं करतात. मोठ्यांची खात्री देत नाही.

बार वाजला की लगेच, दोन सेकंदांच्या आत, एक तुकडा तोंडात. उकडलेलं चिकन, पनीर, अंडं, त्याला सगळ्यात जास्त आवडणारं. आधी आवाज, मग खाऊ, क्रम उलटा नको. खाऊ आधी आणि आवाज नंतर झाला, तर पनीर दिसलं की तो बॉम्बची वाट बघेल. तो खातोय का, हेच तुमचं मोजमाप आहे. खातोय तोवर भीती आटोक्यात आहे. चिकन नाकाशी धरूनही तोंड फिरवलं, ओठ चाटतोय, जांभया देतोय, लाळ गळतेय, म्हणजे गोष्ट हाताबाहेर चालली. मग नुसतं जवळ बसा. चघळायला आपली कडक भाकरी उत्तम. पण भाकरीबरोबरची शेंगा चटणी नको, तिच्यात लसूण असतो, आणि लसूण-कांद्यानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फराळातले बेदाणे आणि चॉकलेटही त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी झालेले कुत्रे असतात.

आवाजाची सवय लावण्याचं सगळे विचारतात: मोबाइलवर फटाक्यांचे आवाज लावू का? लावा, पण दिवाळीनंतर. तीन आठवड्यांत घाईनं केलं की भीती पक्की होते. आणि सोलापूरकरांना यात एक सोय आहे, जी बाकीच्या गावांना नाही. आपल्याकडे फटाक्यांची दुसरी तारीख ठरलेली असते. सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, भोगीला अक्षता, संक्रांतीला होमप्रदीपन आणि किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम. सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंतच्या कुत्र्यांची ती दिवाळीपेक्षा वाईट रात्र असते, कारण दारूकाम एका जागी, एका दमात आणि आभाळात होतं. जुळे सोलापूर तिथून लांब आहे. तुमच्या घरी ते आवाज पुसट येतात. ब्रूनोला परीक्षा द्यायची तर ही सोपी परीक्षा आहे.

तुळशीचं लग्न आटोपलं की सुरू करा. आवाज इतका बारीक ठेवा, की ब्रूनोचा कान फक्त वळला पाहिजे, त्याचं खाणं थांबता कामा नये. दिवसातून दोनदा, पाच-सात मिनिटं, प्रत्येक आवाजाला एक तुकडा. चार-पाच दिवस कान वळणंही बंद झालं की आवाज किंचित वाढवा. एक दिवस जरी तो उठून गेला, तर तुम्ही घाई केली असं समजा आणि दोन पायऱ्या खाली या. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून सुतळी बॉम्बचा खालचा धमाका निघतच नाही, म्हणून शेवटच्या टप्प्यात मोठा स्पीकर लागतो. "मोबाइलवर झोपतो आणि खऱ्याला पळतो" ही तक्रार त्यातूनच येते. किंक्रांतीला जे दिसेल ते लिहून ठेवा, त्यावरून पुढच्या दिवाळीचं औषध ठरवता येतं. संक्रांतीच्या त्या दिवसांत पतंगाच्या नायलॉन मांजाकडेही लक्ष असू द्या. पंजे कापलेले कुत्रे तेव्हा माझ्याकडे येतात.

पळण्याचा बंदोबस्त. गळ्यातल्या पट्ट्यातून घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून सहज निसटतो, म्हणून त्या चार दिवसांत छातीचा पट्टाही घाला आणि दोन्हींना साखळी लावा. गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव नको, फोन नंबर हवा. मायक्रोचिप बसवली असेल तर तिच्यावरचा 15 आकडी क्रमांक कुठे नोंदवलाय ते आताच बघून घ्या. पाहुण्यांसाठी दार सताड उघडं ठेवायची आपली पद्धत आहे, त्या दिवसांत फाटकाला कडी आणि वर पाटी. इतकं करूनही पळाला, तर हाका मारत मागे धावू नका, तो आणखी पळेल. पहाटे, गल्ली शांत झाल्यावर, घराजवळच्या गाड्यांखाली आणि नाल्यांत बघा. त्याची चादर आणि पाण्याचं भांडं फाटकाबाहेर ठेवा. गेल्या वर्षी ब्रूनो सैफुलला मिळाला तसे बहुतेक कुत्रे दोन-तीन किलोमीटरच्या आतच कुठेतरी दबून बसलेले असतात.

मांजराचं सोपं आहे. दुपारपासून घरात, शी-शूसाठी माती भरलेलं भांडं आत, आणि कपाटाचा वरचा कप्पा उघडा. लपलं तर लपू द्या. दुसऱ्या दिवशीही काहीच खाल्लं नाही तर मात्र दाखवा, उपाशी मांजराच्या यकृतावर फार लवकर परिणाम होतो. आणि क्रोसिन, डोलो वगैरे पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीच, अर्धीही नाही. जीव जातो. तेवत्या पणत्या मांजराच्या वाटेवर ठेवू नका, शेपूट आधी पेटतं आणि मांजराला नंतर कळतं.

भावाला वेगळा निरोप द्या. वसुबारसेला गाईची पूजा करायची आणि तिसऱ्या रात्री गोठ्याच्या कुडाला टेकून माळ लावायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. म्हैस दचकली की पान्हा चोरते. भीतीनं अंगात जे रसायन वाढतं ते पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनला अडवतं. पंढरपुरी म्हैस शांत, तरी दिवाळीत तिचीही धार कमी भरते. त्यावर पान्ह्याचं इंजेक्शन टोचू नका, सकाळी अर्धा तास उशिरा, शांतपणे, नेहमीच्याच माणसानं धार काढावी. दुधापेक्षा मला जास्त काळजी कडब्याच्या गंजीची आहे. वाळलेला ज्वारीचा कडबा आणि वाट चुकलेलं रॉकेट. गंजी गोठ्याला चिकटून असेल तर निदान वस्तीच्या बाजूला ताडपत्री ओली करून टाका, पाण्याचं पिंप भरून ठेवा, आणि दावणीला ओढताच सुटेल अशी गाठ मारा. आग लागल्यावर गाठ सोडत बसायला वेळ मिळत नाही. रात्री-अपरात्री जनावराला काही झालं तर 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक भावाच्या फोनमध्ये असू द्या.

भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली दहा ते वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही नको. न फुटलेला फटाका खाल्ला तर उलटी करवायच्या भानगडीत न पडता वेष्टणासकट घेऊन या; काही फटाक्यांत बेरियमचे क्षार असतात, त्यानं रक्तातलं पोटॅशियम घसरून पाय लुळे पडतात आणि हृदयावर येतं. म्हणून पाडव्याच्या सकाळी अंगण झाडून झाल्याशिवाय ब्रूनोला सोडू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती विचारतो. पळून सापडल्यापासून त्याच्या चालण्यात फरक आहे का? जिना चढताना थांबतो का, सकाळी उठताना मागचे पाय आखडलेले असतात का? ज्याला कुठेतरी दुखतंय तो कुत्रा आवाजाला जास्त दचकतो, कारण दचकलं की अंग आखडतं आणि आणखी दुखतं. दोन दिवस तो रस्त्यावर होता, गाडीचा धक्का लागला असेल तर कोणी बघितलेलं नाही. फुग्याचा दचका त्यानंतरच सुरू झालाय, म्हणून मला ही शंका येतेय, आणि दुखणं निघालं तर वरचं सगळं करूनही ते बरं केल्याशिवाय फरक पडणार नाही.

त्यामुळे या आठवड्यातच त्याला घेऊन या. दुपारी तीनच्या सुमारास या, तेव्हा दवाखान्यात गर्दी नसते. टेबलावर चढवणार नाही, बाहेर कडुलिंबाखालीच तपासतो. सकाळचं जेवण थोडं कमी द्या आणि येताना त्याचं बाथरूममधलं ते पायपुसणं बरोबर आणा. न धुता आणा.